प्रभुलिंगच्या गळ्यातली गाठ

१९९८ साली संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यांतून संपायचा होता, तेवढ्यात शाहूपुरीत एक कुजबुज उठली. गुळाचे अडते शिवपुत्र अण्णा, त्यांचा प्रभुलिंग क्यानडात जाऊन बाटला म्हणे. गळ्यातलं लिंग काढून टाकलं, आणि वर एका गोऱ्या बाईनं आपल्या हातानं त्याच्या गळ्यात बांधलं. काय बांधलं? ते ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीप्रमाणं ठरवून घेतलं. पिठाच्या गिरणीत तो क्रूस होता, पानपट्टीवर ती लग्नाची साखळी होती, आणि दाढी करायच्या दुकानात दोन्ही होतं, शिवाय बाई घटस्फोटित होती.

शाहूपुरीला दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी गुळाचे सौदे उरकले की दुपारी माणसानं करायचं काय?

तर हा प्रभुलिंग. अडतीच्या दुकानामागच्या घरात १९७३ साली जन्मला. लिंगायताचं घर. पाळण्यात घालायच्या आधी मठातल्या अय्यांनी, म्हणजे स्वामींनी, त्याला लिंग बांधलं. आवळ्याएवढं, काळंभोर, गुळगुळीत. आई शांतव्वा गडहिंग्लजच्या पलीकडची, बोलायची कानडी. वडील शिवपुत्र अण्णा तीस वर्षं बाजारात काढलेले, बोलायचे मराठी. आई कानडीत विचारायची, बाप मराठीत उत्तर द्यायचा, आणि मधे बसलेलं पोरगं दोन्हीकडनं शिव्या खायचं. घरात कायदा एकच, आणि तो शांतव्वाचा. सकाळी आंघोळ, मग लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि मगच तोंडात घास. ताप असो, परीक्षा असो, घरी पाहुणे असोत. एकदा सहावीत असताना प्रभुलिंगनं पूजेआधी चोरून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. शांतव्वानं मारलं नाही, रागावली नाही. तिनं स्वतः दिवसभर काही खाल्लं नाही. त्यानंतर पोराला कधी सांगावं लागलं नाही.

दुकानातही सगळं दोन-दोन. आवकेच्या वह्या दोन. संकेश्वर-निपाणीकडून आलेला गूळ कानडी वहीत, राधानगरी-गगनबावड्याकडचा मराठी वहीत. मराठी वही गणपतराव दिवाणजींकडं, आणि गणपतरावांना कानडी वहीकडं बघायचाही कंटाळा. एकदा चंदगडचा आकाराम दुकानात येऊन उभ्या-उभ्या रडायला लागला. त्याच्या गुळाचे बारा रवे, म्हणजे बारा ढेपा, हरवल्या होत्या.

"न्हाईत बा," गणपतराव वही मिटून म्हणाले. "वहीत न्हाई म्हंजे आलंच न्हाईत."

"आलंच न्हाईत? मी सोता ट्रकातनं उतरीवल्यात की वो!"

शिवपुत्र अण्णांनी आतून ओरडून सांगितलं, "गणपतराव, दुसरी वही बघा की!"

बारा रवे कानडी वहीत होते. आकाराम संकेश्वरच्या ट्रकातनं आला होता, म्हणून लिहिणाऱ्यानं त्याला कानडी करून टाकला. दर हंगामात असं पाच-सहा वेळा व्हायचं, आणि प्रत्येक वेळी अण्णा तेच वाक्य ओरडायचे. प्रभुलिंग त्या वाक्यावर लहानाचा मोठा झाला.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. गुळाचा रंग का बदलतो यावर त्यानं काहीतरी लिहून परदेशी पाठवलं, आणि १९९७ च्या पावसाळ्यात क्यानडातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. शिष्यवृत्ती मिळाली. विद्यापीठ सरकारी, संशोधनाचं, नावाजलेलं. आणि दोन भाषांचं. अर्धं इंग्रजी, अर्धं फ्रेंच.

दुकानात ही बातमी फुटली तेव्हा हमाल गुंडूनं पाठीवरचा रवा खाली ठेवून विचारलं, "दोन भाषा म्हंजे फी डबल काय?"

"न्हाई रे," प्रभुलिंग म्हणाला. "पेपर इंग्रजीत लिही न्हाईतर फ्रेंचमधी. आपली मर्जी."

"आन् कानडीत लिवला तर?"

"मग गणपतराव तपासतील," अण्णा म्हणाले, आणि दिवाणजी सोडून सगळं दुकान हसलं.

निघताना शांतव्वानं तीनच गोष्टी सांगितल्या. थंडीत कान झाक. मांसाच्या भांड्यात शिजवलेलं खाऊ नको. आणि गळ्यात लिंग हाय तोवर तू माझ्या नजरेसमोर हायस.

प्रभुलिंगला ते विद्यापीठ परकं असं वाटलंच नाही. बाकीची पोरं पाट्या बघून गोंधळायची. दरवाजावर दोन भाषा, जिन्यावर दोन भाषा, संडासावर दोन भाषा. दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यालासुद्धा दोन तोंडं, एका बाजूनं इंग्रजी दूध, दुसऱ्या बाजूनं फ्रेंच. कुठली भाषा वर लिहायची आणि कुठली खाली, यावर तिथली शहाणी माणसं तासन्‌तास भांडायची. प्रभुलिंग मनात म्हणायचा, भांडा बाबांनो, आमच्याकडं निपाणीला या एकदा, डोकी फुटलेली दाखवतो. वर्गात एखादा फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचा, मास्तर इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला फक्त आई-बापाची, आपल्या अव्वा-अप्पांची आठवण यायची.

त्याच्या गाईडची मातृभाषा फ्रेंच होती. शिकवायचे इंग्रजीत, चिडायचे फ्रेंचमध्ये. त्यामुळं प्रभुलिंग फ्रेंच शिकला ती आधी शिव्यांची.

आता मुद्द्याकडं येऊ. त्याचं काम एका मोठ्या चुंबकाच्या यंत्रावर होतं. खोलीच्या दारावर दोन्ही भाषांत ताकीद लावलेली होती, अंगावर धातू घेऊन आत यायचं नाही. घड्याळ, किल्ल्या, नाणी, सगळं बाहेर. आणि प्रभुलिंगचं लिंग होतं चांदीच्या डबीत. चांदीला चुंबक ओढत नाही हे रसायनशास्त्राच्या माणसाला सांगायला नको, पण ताकीद ती ताकीद. मग त्यानं मार्ग काढला. डबी ट्रंकेत ठेवली आणि लिंग पांढऱ्या कापडात बांधून गळ्यात घातलं. कापडात बांधायची रीत आपल्याकडंही आहेच, त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते गाठीत. जन्मापासून ती गाठ एकतर शांतव्वानं मारलेली, नाहीतर अय्यांनी. प्रभुलिंगनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाठ मारली, आणि एम.एस्सी. पहिल्या वर्गाची गाठ ती. आठ दिवसांत सुटली.

जानेवारीतला मंगळवार. बाहेर उणे वीस. अंगावर बनियन, त्यावर शर्ट, त्यावर दोन स्वेटर, त्यावर कोट, मफलर. आत गेलं की सगळं उतरवायचं, बाहेर पडताना सगळं चढवायचं, दिवसातून दहा वेळा. कांदा जसा सोलावा तसा माणूस सोलायचा. त्या सोलण्यात ते पांढरं गाठोडं केव्हा, कुठं गळून पडलं, त्याला कळलं नाही. बुधवारी सकाळी आंघोळ झाली, त्यानं डावा हात पुढं केला, उजवा गळ्याकडं नेला, आणि तो तसाच उभा राहिला.

गळा मोकळा होता.

खोली उलटीपालटी केली. पायातले मोजे झटकले. प्रयोगशाळा, कॅन्टीन, बसस्टॉप, बर्फात पाय बुडवत मंगळवारचा सगळा रस्ता पुन्हा चालला. शेवटी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी गेला. तिथं एक गोरा, चष्मेवाला तरुण कारकून बसला होता. प्रभुलिंगनं इंग्रजीत विचारलं. त्यानं इंग्रजीत एक जाडजूड रजिस्टर उघडलं.

"वस्तू कसली?"

आता सांगायचं काय? अठरा वर्षं शाळा-कॉलेजात काढली, पण गळ्यातल्या गोष्टीचं इंग्रजी त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "काळं," तो म्हणाला. "लहान. गोल. अंड्यासारखं. पांढऱ्या कापडात."

"अंडं?"

"अंडं न्हाई... दगडासारखं."

कारकुनानं बोट फिरवलं. छत्र्या होत्या, हातमोजे होते, एक कवळीही होती. दगड नव्हता. "सॉरी," तो म्हणाला.

आणि तिथून उपास सुरू झाला. पूजेशिवाय घास नाही. तिथं कोण बघतंय, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही असं नाही. शिवला, आणि सहावीतला शेंगदाण्याचा लाडू आठवला. त्यानं पाणी प्यायचं ठरवलं, बाकी काही नाही.

पण विचारायचं तर होतंच कुणाला तरी. लिंग हरवलं तर काय करायचं? जुन्या काळी त्यापायी लोकांनी जीव दिल्याच्या गोष्टी शांतव्वा सांगायची. घरी फोन करणं शक्य नव्हतं, अव्वानं हाय खाल्ली असती. अय्यांनाच विचारावं. मठात फोन नव्हता. मठाच्या पायथ्याला झुंबरबाईंचं घर, त्यांच्याकडं फोन. गल्लीतल्या अर्ध्या लग्नपत्रिकांवर झुंबरबाईंचा नंबर असायचा, पी.पी. म्हणून. गुपित राखायचं म्हणून प्रभुलिंगनं झुंबरबाईंना फोन केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा.

"झुंबरकाकू, मी प्रभुलिंग. क्यानडातनं."

"अगं बया! कसा हायस रं? जेवलास का?"

प्रभुलिंगनं जेवणाचा विषय टाळला. "काकू, कार्डावर चारच मिन्टं हायत. अय्यांना विचारा, गळ्यात लिंग नसलं तर मानसानं काय करायचं. मी उद्या ह्याच वेळेला फोन करतो. आन् अव्वाला सांगू नका."

"माझ्या तोंडातनं एक अक्षर बाहीर पडलं तर इच्यार!"

एक अक्षर पडलं नाही हे खरं. सगळी बाराखडी पडली.

झुंबरबाईंचे कान तिखट होते, निरोप त्यांनी जसाच्या तसा ऐकला होता. पण पोरानं 'लिंग नसलं तर' म्हणून पुढं काही सांगितलं नव्हतं, का नाही, कसं नाही. ती मोकळी जागा बाईंनी घरच्या सामानानं भरली. मठाच्या पायऱ्या अकरा. बाई त्या अकरा पायऱ्या चढल्या नाहीत. त्या गेल्या उलट दिशेला. आधी शेजारच्या अंबूबाईकडं, मग गिरणीत, मग भाजीवालीकडं, आणि अंबूबाईला सांगून झालेलं कमी पडलं म्हणून परत अंबूबाईकडं.

गुरुवारी सकाळी सौद्याच्या वेळेला बातमी अण्णांच्या दुकानात पोचली. एका व्यापाऱ्यानं रव्याचा खडा तोंडात टाकत विचारलं, "अण्णा, प्रभुलिंगचं काय खरं हाय का?"

अण्णा हसले. "बाटायला टाइम लागतोय, पावणं. प्रभ्याला आजून साधा च्या सोडता येईना." एवढं म्हणून त्यांनी पुढचा रवा बोटानं दाबून बघितला, आणि इतका दाबला की त्याचा तुकडाच निघाला. तीस वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या हातून रवा फुटला, असं गुंडू आजही सांगतो.

घरी शांतव्वानं सगळं ऐकून घेतलं. पदर डोक्यावरनं नीट केला आणि चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"प्रभू बाटला असंल तर तो जेवत असंल," ती म्हणाली. "लिंग हरवलं असंल तर उपाशी असंल. मला माझं पोरगं ठावं हाय. त्याच्या पोटात गेलं की माझ्या पोटात जाईल."

गुरुवारी रात्री प्रभुलिंगचा फोन आला तेव्हा झुंबरबाई घरीच होत्या.

"अय्या काय म्हणालं, काकू?"

"आरं, जानंच झालं न्हाई बघ. गुडघं लई धरल्यात."

बाईंच्या गुडघ्यांनी त्या दोन दिवसांत अख्खी शाहूपुरी पालथी घातली होती. पण हे प्रभुलिंगला कुठलं कळायला? उद्या इथल्या सकाळी सातलाच करतो म्हणून त्यानं फोन ठेवला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आणि गाईडचं दोन्ही भाषांत विचारून झालं होतं की तुला बरं नाही का.

शुक्रवार उजाडला. तिथले सकाळचे सात, इथले संध्याकाळचे साडेपाच. फोन वाजता क्षणी उचलला गेला, आणि पलीकडून आवाज आला तो झुंबरबाईंचा नव्हता.

"प्रभुलिंग, मी अय्या बोलतोय."

शांतव्वा स्वतः अकरा पायऱ्या चढून त्यांना खाली घेऊन आली होती. फोनभोवती अण्णा, गणपतराव, गुंडू, अंबूबाई, सगळी गल्ली जमली होती. झुंबरबाई चहा करत होत्या, गुडघ्यांसकट.

"अय्या, लिंग हरवलं."

"कवा?"

"मंगळवारी."

"मग आज शुक्कीरवार. तीन दिस उपाशी हायस?"

"व्हय."

"खुळा हायस," अय्या म्हणाले. "ऐक. आधी भस्म लाव आन् जेव. सापडलं तर बांध, न्हाई सापडलं तर मी दुसरं देतो. देव काय उपाशी पोरं मागत न्हाई. मेलास तर शोधणार कोण?"

खोकल्यासारखा एक आवाज आला. तो प्रभुलिंगचा होता, तीन दिवसांतलं पहिलं हसू. मग फोन शांतव्वाकडं गेला.

"तू खाल्लंस म्हंजे मी खाणार," ती म्हणाली, आणि ती चार मिनिटं संपली.

म्हणजे इकडं ती उपाशी, तिकडं हा. अय्यांची परवानगी होती. कॅन्टीनमधून त्यानं एक केळं घेतलं, बसला, सोलायला गेला आणि थांबला. दुसरं लिंग मिळेलही, पण ज्याच्याकडं बघत तो कळायला लागल्यापासून रोज सकाळी बसला, ते कुठं कचऱ्यात पडलं असेल, हा विचार त्याची पाठ सोडेना. केळं कोटाच्या खिशात गेलं.

त्याला पहिल्या वर्षाच्या पोरांचे पेपर तपासायचं कामही होतं. त्या विद्यापीठात पेपर कुठल्याही भाषेत लिहायचा हक्क, त्यामुळं आलेल्या पेपरांचे दोन गठ्ठे व्हायचे. इंग्रजी प्रभुलिंगकडं, फ्रेंच दुसऱ्या एका मुलाकडं. त्या सकाळी त्यानं गठ्ठा मोजला तर एका पोरीचा पेपर कमी. त्या पोरीनं पेपर दिलेला त्याला नक्की आठवत होता, पुढच्याच बाकावर बसली होती. पुन्हा मोजला. पुन्हा कमी. उपाशी डोकं, आणि कुठून तरी खोल आतून, गुळाच्या वासासकट, बापाचा आवाज आला.

दुसरी वही बघा की!

त्यानं फ्रेंच गठ्ठा ओढला. पोरीचं नाव फ्रेंच होतं, म्हणून कुणीतरी न बघता तिला फ्रेंचमध्ये टाकलं होतं. पेपर होता अस्सल इंग्रजीत. संकेश्वरच्या ट्रकातनं आलेला आकाराम.

प्रभुलिंग ताडकन उभा राहिला. पेपर तिथंच, कोट तिथंच, आणि मग केळं कोटात आहे म्हणून कोट घ्यायला परत आला. उणे वीसमध्ये टोपीशिवाय पळत सुटला. शांतव्वानं सांगितलेल्या तीन गोष्टींतली पहिली तिथं मोडली.

खिडकीवर आज तो चष्मेवाला नव्हता. मादाम तिबोदो होत्या. बासष्टीच्या, बुटक्या, पांढरे कुरळे केस, निवृत्तीला दोन महिने उरलेले.

"तुमच्याकडं," प्रभुलिंग धापा टाकत म्हणाला, "तुमच्याकडं दुसरी वही हाय का?" म्हणजे हे तो इंग्रजीत बोलला, पण सूर शाहूपुरीचा होता.

"दुसरी?"

"फ्रेंचवाली."

मादामनी त्याच्याकडं चष्म्यावरून बघितलं. पंधरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. वस्तू आणून देणारा ज्या भाषेत बोलेल त्या रजिस्टरात ती लिहायची, अशी तिथली पद्धत. आणि इंग्रजी विचारणाऱ्यासाठी इंग्रजी रजिस्टर उघडायचं, अशी तिथल्या तरुण कारकुनांची सवय. गणपतराव सगळीकडंच असतात. मादामनी दुसरं रजिस्टर काढलं, मंगळवारचं पान उघडलं, आणि ओळ आधी मनात वाचली. मग त्याला इंग्रजीत सांगितली. झाडलोट करणाऱ्या एका फ्रेंच बाईनं व्याख्यानाच्या मोठ्या हॉलबाहेर, कोट टांगायच्या खुंट्यांखाली सापडलेली वस्तू आणून दिली होती. एक काळा दगड, कापडात गुंडाळलेला. आणि पुढं त्या बाईनं मुद्दाम लिहायला लावलं होतं: टाकू नये, कुणीतरी शोधत असेल.

टेबलाचा वरचा खण इंग्रजी, खालचा फ्रेंच. मादामनी खालचा उघडला.

प्रभुलिंगनं कापड सोडलं. होतं. टवका नाही, चरा नाही. तो तिथंच खाली बसायला लागला. मादाम बाहेर आल्या, त्याला आत नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"मला दहा मिनिटं मिळतील का?" त्यानं विचारलं. "आणि हात धुवायला पाणी?"

मादामनी खिडकीवर 'दहा मिनिटांत परत' अशी पाटी लावली, अर्थात दोन्ही भाषांत, आणि पाठ करून उभ्या राहिल्या. प्रभुलिंगनं हात धुतले. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. दोन्ही भाषांच्या छत्र्या, मोजे आणि त्या कवळीच्या साक्षीनं त्याची तीन दिवसांची राहिलेली पूजा झाली. मग त्यानं केळं खाल्लं. असं केळं जगात पुन्हा पिकलं नाही, असं तो सांगतो.

गाठ मारायला गेला तर बोटं चालेनात. मादाम आता वळून बघत होत्या.

"ह्या गाठीनंच हरवलं ना?" त्या म्हणाल्या. "वळ." आणि मानेमागं त्यांनी कापडाच्या टोकांना दुहेरी गाठ मारली. चार नातवंडांच्या बर्फावर घसरायच्या बुटांच्या नाड्या बांधून तयार झालेला हात तो. एकदा ओढून बघितली, मान हिसडली तरी गाठ हलली नाही.

शाहूपुरीत साडेसात वाजले होते. झुंबरबाईंच्या घरून कुणी हललं नव्हतं. फोन वाजला.

"अव्वा, सापडलं. खाल्लं मी. केळं."

"नुसतं केळं?" शांतव्वा म्हणाली, आणि तो पुढं सांगत होता ते सगळं ऐकून घेतलं. फोन अण्णांनी घेतला.

"कुठं हुतं रं?"

"दुसऱ्या वहीत, अप्पा."

अण्णांनी फोन छातीशी धरला आणि गणपतरावांकडं असं बघितलं की त्या बिचाऱ्यांनी विनाकारण मान खाली घातली. झुंबरबाईंच्या घरी त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी झाली, शांतव्वाला पहिला घास अंबूबाईनं भरवला, आणि सगळे सुटलो-सुटलो म्हणत घरी गेले.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण प्रभुलिंगनं आनंदाच्या भरात आईला एक वाक्य जास्त सांगितलं होतं, की इथल्या एका बाईनं गाठ बांधून दिली, आणि आईनं ते तिथंच मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं. आणि फोन कुणाच्या घरातला होता, हे वाचणाऱ्यानं विसरू नये.

पुढं प्रभुलिंगनं तिकडं पीएच.डी. केली, २००३ साली परत आला आणि शाहूपुरीत गूळ तपासायची छोटी प्रयोगशाळा टाकली. तिथंही नोंदीच्या वह्या दोन आहेत, आणि दोन्ही तो स्वतः बघतो. लग्न मात्र त्याआधीच, एका सुट्टीत जमलं, चंदगडकडच्या सौंदर्याशी. पण कुजबुज त्याच्याआधी एस.टी.त बसून चंदगडला पोचली होती. बघायला आलेल्या होणाऱ्या सासऱ्यानं चहाचा कप हातात घेतला, आणि न पिताच म्हणाला, "पावणं, राग मानू नका. जरा गळा दाखवता काय?"

प्रभुलिंगनं कॉलरचं बटण सोडलं. सासऱ्यानं वाकून लिंग बघितलं, हात जोडले, मग मागं जाऊन गाठ चाचपली.

"गाठ कुनी मारलीया ही? लई घट हाय."

"क्यानडातल्या एका बाईनं."

अण्णांच्या घशात चहा अडकला. सासरा मात्र हसला, बसला आणि त्यानं कप तोंडाला लावला.

प्रभुलिंग कधीच बाटला नाही. त्याचं लिंग मंगळवार ते शुक्रवार एका टेबलाच्या खालच्या खणात होतं, आणि त्याच्या गळ्यात गाठ बांधणारी बाई चार नातवंडांची आजी होती.